हवालदारांचं ‘असेल’

बायकोच्या व्हिसाची चौकशी करायला हवालदार घरी येणार होते, म्हणून मी घर आवरलं, ही माझी चूक. बायको पोलंडची. ती खरंच माझ्यासोबत राहते असा अहवाल गेला नाही, तर लांब मुदतीचा व्हिसा मिळणार नव्हता आणि तिला परत जावं लागलं असतं. आणि मी शहाण्याने तिच्या चपला, गाऊन, ओढण्या सगळं कपाटात कोंबून घराचं लॉज करून ठेवलं!

हवालदारांना मी मांडवीच्या मासळी बाजारात रोज बघतो. कशावर चटकन विश्वास ठेवतील तर शपथ. मासेवाली “ताजा आहे हो” म्हणाली, की मासा उलटासुलटा करत म्हणतात, “असेल.”

माझ्याकडेही खुर्ची दिली तरी दारातच उभे.

“बायको बाजारात गेलीय,” मी म्हणालो.

कपडे वाळत घालायच्या रिकाम्या दांडीकडे बघत ते म्हणाले, “असेल.”

घाबरून मी चहा टाकायला गेलो, तर साखर सापडेना. डब्यांमागून डबे उघडले, सगळीकडे रवा. तेवढ्यात मागीलदारातून बायको आली आणि माशांची पिशवी माझ्या हातात कोंबत म्हणाली, “साखर कोकमाच्या बरणीमागे. किती वेळा सांगू? काका, तुम्ही बसा ना, उभे काय?”

हवालदार चक्क बसले. चहा पिऊन त्यांनी कागदावर भराभर लिहिलं.

“बाई इथंच राहतात, ह्यात शंका नाय,” ते उठत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तुम्ही पण इथंच राहता?”

“हो, म्हणजे काय!”

“असेल.”