माहेरचा रकाना

आमच्या आप्पांच्या गळी नवी गोष्ट उतरवायची म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. आप्पा म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. लातूरला दाळमिल, नांदेडला तेलाचा कारखाना, देगलूरला मसाल्याचं पॅकिंग, उदगीरला गोदामं, एवढा सगळा पसारा त्यांनी उभा केलेला. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा, आणि नव्या खर्चाचं नाव काढलं की चेहरा असा करायचे, की समोरच्यालाच अपराध्यासारखं वाटावं.

माझ्याकडं माणसांचा विभाग. भरती, हजेरी, रजा, बदली, निवृत्ती, भांडणं. त्यासाठी एक जुनाट सॉफ्टवेअर होतं. प्रत्येक ठिकाणचं वेगळं, एकाला दुसऱ्याची ओळख नाही. नांदेडचा माणूस बदलून लातूरला आला की तो नव्यानं जन्माला यायचा. नवा नंबर, नवी नोंद, मागची नोकरी गुल. मग तो माझ्या टेबलापुढं येऊन उभा, आणि मी दिवसभर नांदेडला फोन लावत बसलेली.

"चालतंय की जुनं," आप्पा म्हणायचे.

"चालतंय कुठलं आप्पा, सरपटतंय!" एक दिवस मी तडकून बोलले. माझी जीभ अशीच आहे, आधी सुटते, मग मी तिच्या मागं धावते. पण आप्पा हसले. म्हणाले, "बरं बाई. फायदा काय ते एका पानावर मांडून आणा. पटलं तर बघू."

पुण्याच्या कंपनीनं नवं सॉफ्टवेअर थोड्या दिवसांसाठी वापरून बघायला दिलं. मुदत संपायच्या दिवशी आप्पांपुढं बसायचं, असं ठरलं. नाही पटलं, तर भरलेलं सगळं पुसलं जाणार आणि ये रे माझ्या मागल्या.

पहिल्यांदा चारी ठिकाणची माणसं एका पडद्यावर आली, तेव्हा मी खरंच आ वासून बघत राहिले. इतकी वर्षं ही माणसं मला तुकड्या-तुकड्यानं दिसली होती. आता हमाल, मशीनवाले, ड्रायव्हर, हिशेबनीस, स्वयंपाकाच्या बायका, सगळे एकाखाली एक. गंमत म्हणून मी जन्मतारखांचा आलेख काढला. बाकी वर्ष कसं सपाट रान, आणि एक जूनला असा सुळका, की तो पडद्याच्या वर निघून गेला! पुण्याचा इंजिनिअर फोनवर घाबराघुबरा झाला. "मॅडम, डेटा खराब आहे." मी म्हटलं, "डेटा चांगला आहे हो, आमचे मास्तर तसे होते." खेड्यातल्या शाळेत पोराला घेऊन आईबाप गेले, तारीख विचारली, ठाऊक नाही म्हणाले, की मास्तर एक जून लिहून मोकळे. माझी स्वतःची तारीख तीच आहे. ते त्याला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी त्यानं दोन रकाने दिले, एक कागदावरच्या तारखेचा, दुसरा खऱ्या तारखेचा.

आमचं खरं वाजलं ते माहेरच्या रकान्यावरून.

आमच्याकडं निम्म्याच्या वर बाया. श्रावणात पंचमी आली की पॅकिंगची लाइन ओस पडते, कारण लातूरकडच्या लेकी पंचमीला माहेरी गेल्याशिवाय राहत नाहीत. देगलूरच्या तेलंगणाकडच्या बायांना पंचमीचं एवढं नाही, त्यांचं सगळं दसऱ्याच्या आधी. कुणाचं माहेर कुठं हे आधी कळलं, तर देगलूरच्या चार जणी पंचमीला इकडं आणता येतील आणि दसऱ्याला इकडच्या तिकडं. लाइन बंद पडणार नाही. इतकं सरळ आहे ते.

"कायमचा पत्ता घेतोय ना आपण," इंजिनिअर म्हणाला.

"तो सासरचा असतो."

"पण मॅडम, माहेर हा रकाना जगात कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही."

"मग जगाला सांगा, लातूरच्या बाईनं मागितलाय."

मिळाला रकाना. भरायला चारी ठिकाणी पाठवला. भरून आला, तर प्रत्येक लग्न झालेल्या बाईच्या माहेरात तिच्या नवऱ्याचं गाव! डोकंच फिरलं माझं. हजेरीवर बसणारे बुवा विचारायला गेलेच नव्हते, जागेवर बसून पत्ता उतरवला होता. एकाला फोनवर धारेवर धरलं, तर तो शांतपणे म्हणतो, "म्याडम, लगीन झालं की बाईचं गाव तेच की. आता माहेराचं काय करून राहिले तुम्ही?" मी म्हटलं, "तुमच्या बायकोला विचारा, काय करून राहिले ते." पुन्हा भरायला लावला. या खेपेला प्रत्येक बाईला समोर बसवून विचारायचं, अशी तंबी दिली.

लातूरच्या बायांना मी स्वतः विचारत होते. काय सांगू, ज्या बाया हजेरी विचारली तर तुटक बोलतात, त्या माहेर विचारलं की खुर्चीत सैल बसायच्या. गावाचं नाव सांगून थांबायच्या नाहीत. विहीर कुठं, चिंच कुठं, भाऊ काय करतो, सगळं. माझं काम रेंगाळायचं, पण उठवावंसं वाटायचं नाही.

मग आली आमच्या माल रवाना करण्याच्या विभागातली एक जण. कामाला चोख, बोलायला कमी. सातवा महिना लागला होता, पहिलटकरीण. खूप वर्षांनी दिवस गेले होते, त्यामुळं सगळे तिला जपत.

"माहेर?" मी विचारलं.

"वसतिगृह लिव्हा, म्याडम."

मी मान वर केली. ती सरळ बघत होती, डोळ्यांत पाणीबिणी काही नाही. किल्लारीची. भूकंपात घरातलं कुणी राहिलं नाही, पाळण्यातली ही तेवढी निघाली. मग संस्था, मग वसतिगृह. जन्मतारीख अर्थातच एक जून. आईचं नाव संस्थेच्या कागदावर होतं तेवढंच ठाऊक, फोटो एकही नाही. नव्या गावात दोनदा जाऊन आली होती. पण वस्ती हललेली, गल्ल्या बदललेल्या, आणि तिच्या घराशेजारची घरंच्या घरं गेलेली. कुणाला काही सांगता आलं नाही.

"बाळंतपणाला कोण आहे गं?"

"सासूबाई आंथरुणाला खिळल्यात. घरधनी गाडीवर असत्यात. दवाखाना हाय की." मग म्हणाली, "म्याडम, भ्या दवाखान्याचं न्हाई. घरी आल्यावर लेकरू कसं धरायचं, एवढं दाखवायला तरी कुणी पाहिजे व्हतं."

माझ्या दोन्ही खेपेला आई होती, आणि मी तिच्याशी डिंकाच्या लाडवांवरून भांडत होते! मी माहेरच्या रकान्यात वसतिगृह लिहिलं नाही. किल्लारी लिहिलं. उठताना तिनं पडद्याकडं एकदा बघून घेतलं.

ती गेल्यावर सहज म्हणून मी शोधायला घेतलं. आधी कायमचा पत्ता किल्लारी, असं टाकलं. दोन तरुण पोरं निघाली, दोघंही भूकंपानंतर जन्मलेली. मग माहेर किल्लारी असं टाकलं, आणि नावं यायला लागली. नांदेडच्या स्वयंपाकघरात एक. देगलूरच्या पॅकिंगमध्ये दोघी. उदगीरच्या गोदामात झाडलोट करणारी एक. आमच्याच दाळमिलमध्ये एक, जिचं गाव मीच लिहून घेतलं होतं आणि पुढच्या बाईला हाक मारली होती.

मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. मग लागला. त्या रात्री जे गावात होते, त्यांतले कितीतरी गेले. पण ज्या लेकी नांदायला दुसऱ्या गावी गेल्या होत्या, त्या वाचल्या. आपलं जुनं गाव, गल्ली, शेजार डोक्यात घेऊन त्या दुसऱ्यांच्या गावात भाकऱ्या थापत होत्या, आणि कुणाच्याही कागदावर त्या किल्लारीच्या नव्हत्या. बाई गं! किती मोठी गोष्ट, आणि किती वर्षं आमच्या नाकासमोर. मी खुर्चीवरून उठले आणि उगीच खिडकीपर्यंत जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी नांदेडच्या मावशींना फोन लावला. सगळे त्यांना मावशीच म्हणतात, तेलाच्या कारखान्यात स्वयंपाक करतात. किल्लारीत घर कुठं होतं ते त्यांनी सांगितलं. म्हटलं, "इथं तुमच्या गावची एक लेक आहे, बोलाल का?" कुणाची, ते तिचं तीच सांगेल म्हटलं. तिला माझ्या केबिनमध्ये बोलावलं, आणि तिकडं मुकादमानं आपला फोन मावशींच्या तोंडासमोर धरला.

मावशींच्या हाताला कणीक होती. त्यांनी डोळे बारीक करून पडद्यात बघितलं. मी ओळख करून द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी एका बाईचं नाव घेतलं.

ते तिच्या आईचं नाव होतं.

आमच्याकडची पोरगी खुर्चीची कड धरून उभी राहिली. तिकडं मावशी मुकादमाला ओरडत होत्या, "आरं नीट धर की ते! हालवू नगं!"

मग मावशींनी सांगितलं. नवं लग्न झालेलं, पहिल्या पंचमीला माहेरी आल्या होत्या. भिंतीला भिंत लागून घर. चिंचेला झोके बांधलेले, आणि शेजारणीला झोक्याखालीच कळा सुटल्या. "तुजी आई लई हसरी व्हती बग. कळा येत व्हत्या तरी म्हणती, पोरगी झाली तर झोक्यावर झाली म्हणून सांगा. म्या तुला तान्ही हातात घेतलीय. त्याच साली गणपती उठले, अन् मग..." त्यांनी कणकेचा हात पदराला पुसला.

पोरीनं विचारलं, "माजी आई मला काय म्हणत व्हती?"

"बाळी. बाळीच म्हणायची. नाव ठिवलं व्हतं, पण बाळीच."

मी केबिनमधून बाहेर आले आणि दार लावून घेतलं. आत त्या किती वेळ बोलत होत्या, मी बघितलं नाही. नंतर पंचांगात त्या सालची पंचमी शोधली आणि तिच्या खऱ्या तारखेच्या रकान्यात भरली. त्या एक जूनच्या सुळक्यातनं एक माणूस निघून आपल्या जागेवर जाऊन बसलं.

मुदत संपायच्या दिवशी आप्पांपुढं बसले. पान तयार होतं. बदलीचा घोळ मिटेल, निवृत्त होणारे आधी कळतील, पंचमीला लाइन चालू राहील. आप्पांनी पंचमीच्या ओळीवर बोट ठेवलं. "माहेर कशाला मशीनमधी? आपण काय भाऊबीज घालून राहिलो का सगळ्यांना?"

मी वाद घालणार होते, पण घातला नाही. माहेर किल्लारी असं टाकून पडदा त्यांच्याकडं फिरवला आणि कोण कुठं आहे ते सांगितलं. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भूकंपाच्या वेळी ते तरुण होते, डाळीची पोती घेऊन त्या गावात गेले होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"ह्या सगळ्या त्या गावच्या लेकी?"

"हाव आप्पा."

आप्पांनी एकेक नाव बोटानं मोजलं. मग म्हणाले, "घ्या मशीन. अन् ते पान फाडा, लई फालतू लिवलंय."

नवं सॉफ्टवेअर सुरू झालं. आमच्याकडं आप्पांच्या आईनं घालून दिलेली एक रीत आहे. कामावरच्या बाईची लेक बाळंत व्हायची असली, की त्या बाईला पगारी रजा मिळते. ती रीत आम्ही नव्या सॉफ्टवेअरमध्येही बसवली होती, आणि पहिलाच अर्ज आला तो नांदेडच्या मावशींचा. कारण, लेकीचं पहिलं बाळंतपण. खाली लाल अक्षरांत आलं होतं, की अर्जदाराच्या कुटुंबात मुलीची नोंद नाही, मुलगे दोन.

मी फोन लावला. "मावशी, मशीन म्हणतंय तुम्हाला लेक नाही."

"मंग लिव्हा की म्याडम," मावशी म्हणाल्या. "उद्या आणाय येऊन राहिले मी तिला."

मी लिहिली. नातं, मुलगी. तारीख, पंचमीची. जन्माचा दाखला नाही म्हणून मशीन अडलं, तर माझ्या अधिकारात पुढं ढकललं. त्या सॉफ्टवेअरमध्ये मुलं वयाप्रमाणं आपोआप लागतात. बटण दाबलं तशी ती दोन्ही मुलांच्या खालून वर सरकली आणि पहिल्या ओळीत जाऊन थांबली. मावशींची थोरली.