कंडक्टरला गप्प कुणी केलं

उकडलेल्या शेंगांचा वास आला की मला हुणसूरहून म्हैसूरला येणारी ती दुपारची बस आठवते. माझी पत्नी इस्पितळात गरोदर बायकांचे वर्ग घ्यायची. त्यातलीच एकजण महिन्याभराचं बाळ घेऊन आमच्या पुढच्या सीटवर बसली होती. बाळ रडून लालबुंद झालं, म्हणून तिनं पदराआड त्याला पाजायला घेतलं, तोच कंडक्टर म्हणाला, "अम्मा, मागं जा, इथं सगळे बघतात." ती ओशाळून उठू लागली, तशी माझी पत्नी उभी राहिली. मी तिचा हात ओढून पुटपुटलो, "सुम्ने, गप्प बस गं, लोक काय म्हणतील?" तिनं हात सोडवून घेतला आणि कंडक्टरला कन्नडात विचारलं, "सगळी बस शेंगा खातेय, स्वामी. एकट्या ह्या बाळालाच का उपाशी ठेवता?" मागून कुणीतरी हसलं, मग कंडक्टरही हसला आणि तिकिटं फाडत पुढं गेला. बाळ चुटूचुटू पिऊ लागलं. मी मात्र खिडकीतून तंबाखूची शेतं बघत होतो, जणू पत्नी माझी कुणीच नव्हे. पुढे वर्गाला नवरेही येऊ लागले, तेव्हा ती माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "कंडक्टरला ह्यांनी गप्प केलं. तुम्हालाही जमेल." ते आदरानं बघत आणि मी मान डोलवत असे. तिच्या माघारी आजही त्यांतले काहीजण भेटले की म्हणतात, तुमचं ऐकून आम्हीही बायकोसाठी चारचौघांत बोललो. त्यांना आता सांगतो, तुम्ही बोललात ते तिचं ऐकून. मी तर गप्प बसलो होतो.