पांडू नाखव्याचं पाणी

चहा घ्या, पण हसू नका. हा गाढवपणा आठवला की मला अजून संताप येतो. दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच!

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी नवाकोरा डॉक्टर, पुण्याचा, बिनलग्नाचा, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. नेमणूक रेवसजवळच्या एका वीस खाटांच्या दवाखान्यात.

पांडू नाखवा आला तो जुलाब-उलट्यांनी पार आटलेला. सलाईन दिलं, जुलाब थांबले, पण लघवी बंद! मूत्रपिंडं रुसली. तेव्हा यावर यंत्र कुठलं? नियम एकच: काल जेवढी लघवी झाली तेवढं पाणी, वर एक तांब्या. जास्त दिलं तर माणूस आतल्या आत बुडतो.

मोठे डॉक्टर अलिबागला कोर्टात साक्षीला निघाले होते. जाताना म्हणाले, "मोजमाप चुकलं तर पांडू जाईल. लक्षात ठेव."

पांडूची बायको चांगुणा खाटेशी बसलेली. तिला विचारलं, "लघवी किती झाली?"

"लगवी? ती काय रं?"

आजूबाजूच्या रोग्यांच्या बायका फिदीफिदी हसल्या. माझे कान लाल! घाईघाईनं म्हटलं, "अहो, पाणी! पाणी किती झालं?"

"यक तांब्या."

शाब्बास! तक्त्यात लिहिलं, बाहेर एक तांब्या. फर्मावलं, "आज दोन द्या."

दुसऱ्या दिवशी, "पाणी?"

"दोन तांबे."

वा! मूत्रपिंडं सुधारली! "मग आज तीन." तिसऱ्या दिवशी तीन झाले, मी चार सांगितले. खाटेखालची लघवीची बाटली लखलखीत. बाई किती स्वच्छता ठेवते म्हणून मी तिचं कौतुकसुद्धा केलं! आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

चौथ्या दिवशी पांडूचे पाय भोपळ्यासारखे सुजले. धाप एवढी की आडवं होता येईना. माझं डोकंच फिरलं.

"चोरून पाणी पाजलंस ना? नवऱ्याला मारतेस का?"

चांगुणा ताडकन उठली. "चोरून? तूच सांगलास ना, चार दे!"

"पण तीन तांबे बाहेर आले होते ना?"

"भाईर? पोटान गेले ते!"

"मग लघवी... म्हणजे ते... पाणी..."

"मूत म्हन ना मेल्या! चार दिस थेंब न्हाय मुतला तो! मी रोज वाट बघतंय, डाक्टर कवा इचारतोय!"

मी तक्त्यातलं 'बाहेर' खोडलं आणि 'आत' लिहिलं.

त्याच संध्याकाळी मोठे डॉक्टर परतले. तक्ता वाचला आणि कडाडले, "गाढवा, रोग्याची लघवी अडली होती. तुझी जीभ का अडली?"

पाणी तोडलं. पांडूला उशा लावून बसतं केलं, ओल्या फडक्यानं ओठ तेवढे भिजवायचे. तीन दिवस मी खाटेजवळून हललो नाही. हा माणूस माझ्या लाजेपायी मरणार, या विचारानं घास उतरेना. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटे.

पुढच्या सकाळी चांगुणा किंचाळली, "मुतला! मुतला!"

मी धावलो. बाटलीत जेमतेम दोन बोटं. ती हातात धरून रडलो मी, खोटं कशाला सांगू? पुढं रोज वाढत गेली आणि प्रत्येक बाटली मी स्वतः मोजली.

घरी सोडताना बजावलं, पंधरा दिवसांनी दाखवायला ये, मूत्रपिंडं एकदा रुसली की लक्ष ठेवावं लागतं. पांडू आला, स्वतःच्या पायांनी. बाकांवर पन्नास माणसं खोळंबलेली. पण मी आता सुधारलो होतो ना! छाती पुढं काढून खणखणीत आवाजात विचारलं, "काय नाखवा, दिवसाला मूत किती होतं?"

बाकांवरच्या बायांनी तोंडाला पदर लावले. पांडू लाजून माझ्या कानाशी वाकला.

"डाक्टर, बायामानसा बसल्यान. जरा पानी म्हन ना."