मुहूर्ताचा फोल्डर
कीबोर्डवर हळदीकुंकू दिसलं की मला पनवेलच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातला तो दसरा आठवतो. काट्याचा कॉम्प्युटर माझ्याकडे होता. गाड्या तोलायच्या वजनकाट्याच्या नव्या सॉफ्टवेअरची एक फाइल रजिस्टर होत नव्हती, त्यामुळे काटा सुरूच होईना आणि बाहेर कंटेनर खोळंबले होते. "बाई, पूजा संपली नाही का अजून?" शेठ माझ्यावर ओरडले. तेवढ्यात उरणहून येणारी, नुकतीच कामाला लागलेली मुलगी माझ्या खांद्यावरून वाकली. "ताई, तुमी मुहूर्ताचा फोल्डर करून त्यात ही फाइल ठेवलीय ना, त्याच्या नावात मराठीत 'श्री' हाय. या फाइलीला मराठी चालत नाय." तिने फाइल साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये हलवली आणि ती लगेच रजिस्टर झाली. मला तिच्या बोटांचासुद्धा राग आला. शेठनी माझ्यासमोरच काट्याचा कॉम्प्युटर तिच्याकडे सोपवला. तिने आणून दिलेला पेढा मी तसाच ठेवला. आज माझं स्वतःचं ऑफिस आहे, तरी कोणी मागून वाकलं की माझा हात आधी स्क्रीन बंद करतो.