वहिनीसाठी आणलेलं यंत्र

माझं काम अणुवीज केंद्रात किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं तपासायचं. शिशाच्या जाड भांड्यात सीझियमचा सोर्स, म्हणजे किरणं सोडणारा तुकडा, असतो. यंत्र त्याच्यापासून अंतर मोजून ठेवायचं, खोलीचं दार बंद करायचं आणि बाहेरून बटण दाबून सोर्स वर घ्यायचा. तेवढ्या अंतरावर गॅमा किरणांची मात्रा किती, हे आधीच ठाऊक असतं. यंत्राचा काटा तेवढाच दाखवतो का ते बघायचं, चुकत असेल तर सुधारायचं.

जोयड्याच्या पलीकडे, रानातल्या आमच्या गावी माझा थोरला भाऊ भातशेती करतो. गेल्या वर्षी वहिनीला रक्ताचा कॅन्सर असल्याचं बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. दादाचा फोन आला. गावात सगळे म्हणत होते, हे तुमच्या अणुभट्टीमुळंच. मी यंत्र घेऊन यावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

साहेबांची लेखी परवानगी काढली. निघायच्या आधी ते यंत्र मी स्वतः तीनदा तपासलं. एरवी एकदाच तपासते.

रविवारी जोयड्यापर्यंत बसनं आणि पुढं जीपनं गेले. घर, गोठा, विहीर, शेताचा बांध, सगळीकडे यंत्र धरलं. दादा माझ्यामागून चालत होता. कुठल्याही गावात असतं तेवढंच होतं. विहिरीजवळच्या कातळावर काटा किंचित वर गेला.

"हितं जास्त हाय न्हवं?" दादानं विचारलं. मला वाटतं, तो त्या क्षणी खूश झाला होता.

दगडात मुळातच थोडं असतं, त्यानं असलं दुखणं होत नाही, असं मी समजावून सांगितलं. तो घराकडे वळला.

वहिनी पडवीत वाकळ पांघरून बसली होती. डोक्यावरचे केस गेले होते. तिनं मला जवळ बोलावलं.

"बाय, माझ्यावर धर की ते."

त्याचा उपयोग नव्हता. तरी मी तिच्या छातीजवळ यंत्र धरलं. काटा होता तिथंच राहिला.

"म्हंजे माझ्यात काय न्हाई?"

हे यंत्र आजार बघत नाही वहिनी, असं काहीतरी मी पुटपुटले. तिनं मान हलवली आणि आत जाऊन चहा घे म्हणाली.

चुलीपाशी दादानं मला गाठलं. "मग हिलाच का झालं? तू शिकलीस, तू सांग."

मी यंत्र पिशवीत घातलं. यंत्र चुकीचं असतं तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. पण ते बरोबर होतं. मीच केलं होतं.

भात कापायच्या दिवसांत वहिनी गेली. तेराव्याला पंगतीत एका म्हाताऱ्यानं दादाला विचारलं, बहिणीनं मिशिन आणलं होतं म्हणे, काय निघालं?

"काय न्हाई," दादा म्हणाला. "त्या भट्टीवाल्यांचंच मिशिन ते."

मी दोन पानं सोडून वाढत होते. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मी पुढच्या पानावर भात वाढला.