सैल पडलेली दोरी

नातवंडांनो, ओल्या दोरीला आज शेवाळाचा वास आला आणि अभनपूरजवळचा तलाव आठवला.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. मासे जोडीदार कसा निवडतात, याचा तुमची आई अभ्यास करत होती. कमरेला दोरी बांधून ती मरळ माशांच्या एका जोडीच्या घरट्याजवळ पाण्यात उभी होती. दोरीचं टोक माझ्या हातात होतं. मला पोहता येत नव्हतं.

अचानक पाणी उसळलं. ती दिसेनाशी झाली, दोरी सैल पडली. मी ती मुठीत आवळून ओढू लागले.

मग ती खोकत वर आली. “आई, नरानं धडक मारली! पिल्लं राखून राहिला नं तो!”

“मरो तो! तू आधी बाहेर निघ, पोट्टे!”

आता वाटतं, तो मासाही माझ्याइतकाच घाबरला असेल. तुमचा फोन उशिरा आला, की माझी मूठ अजून आवळते.