मुकं जनावर

धारूरच्या खाली एका विहिरीजवळ आमच्या कॉलेजचे काचेचे ट्रे मांडलेले असतात. त्यांच्या तळाला पांढऱ्या भुकटीचा लेप आहे. त्यावर ऊन पडलं की ट्रेमध्ये भरलेल्या विहिरीच्या पाण्यात उतरलेलं कपाशीच्या फवारणीचं औषध हळूहळू मोडून नाहीसं होतं. हे ट्रे सांभाळतात त्यांना सगळे मामा म्हणतात. नाव मी तीन वर्षांत विचारलेलं नाही. ऊन सरकलं की मामा ट्रे सरकवतात, कुरडयांची ताटं सरकवावीत तसे. काहीही विचारा, उत्तर एकच, "बगू."

दर गुरुवारी मी बाटल्या भरून तपासायला बीडला नेतो आणि औषध अजून शिल्लक आहे, हे सांगायला परत येतो.

परवा मात्र म्हणालो, "मामा, पाणी स्वच्छ निघालं. म्हशीला पाजा आता."

बाजूला बांधलेली मामांची म्हैस दावं ताणत होती. मामांनी ट्रेमध्ये तांब्या बुडवला आणि मी हात धरायच्या आत स्वतःच प्याले.

"तिला का नाही दिलं?"

"तिला उद्या बगू. मुकं जनावर हाय, सर. पोटात दुखलं तर सांगंल का?"

मी पिशवीतून रिकामी बाटली काढली आणि त्याच ट्रेमधून पुन्हा भरून घेतली.